थंडावा हवा, पण मोकळी हवाही हवी
नागपूरचा उन्हाळा, कूलर आणि घरातील वायुवीजन

विदर्भातील उन्हाळ्याची ख्याती सर्वदूर आहे. मे महिन्यात नागपूरचे सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे असते, तर २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. अशा दिवसांत दारे-खिडक्या घट्ट लावून घरात थांबणे स्वाभाविकच होय. परंतु बंद खोलीत थंडावा निर्माण करता येतो, ताजी हवा मात्र निर्माण करता येत नाही. ती बाहेरूनच आणावी लागते. थंड हवा आणि शुद्ध हवा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानी घेऊनच घराची रचना व वापर व्हावयास हवा.

जुन्या घरांची रीत

महाल व इतवारी या भागांतील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, मधला चौक, उंच छत आणि छताजवळचे झरोके यांमागे अनुभवसिद्ध विचार होता. जाड भिंतीतून उष्णता आत झिरपण्यास कित्येक तास लागतात, तोवर बाहेर सायंकाळ झालेली असते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व झरोक्यावाटे बाहेर पडते. तिची जागा चौकातील तुलनेने थंड हवा घेते. मे महिन्यात नागपुरात दिवसाच्या आणि पहाटेच्या तापमानात साधारण १४ अंशांचे अंतर असते. रात्री खिडक्या उघडून भिंती थंड करून घ्यावयाच्या आणि सकाळी ऊन चढताच त्या लावून घ्यावयाच्या, हा परिपाठ या अंतरावरच आधारलेला होता. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धतही सर्वपरिचित होती. आजचा कूलर हे त्या ताटीचेच यांत्रिक रूप होय.

कूलरचे शास्त्र

पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन अधिक आणि थंडावाही अधिक. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४४ अंश आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या ताट्या असलेला कूलर २८ ते ३० अंशांपर्यंत हवा थंड करू शकतो. याउलट जुलैमध्ये तापमान ३२ अंश व आर्द्रता ८० टक्के असताना तोच कूलर हवा दोन-तीन अंशांहून अधिक थंड करू शकत नाही. उलट खोलीतील दमटपणा वाढवितो. म्हणूनच पावसाळ्यात कूलरचा पंप बंद ठेवून केवळ त्याचा पंखा चालविणे, अथवा खिडक्या उघडून छताचा पंखा लावणे अधिक श्रेयस्कर ठरते.

कूलरचा मोठा गुण असा की, खिडकीबाहेर बसविलेला कूलर संपूर्णतः बाहेरची हवा आत घेतो व एका तासात खोलीतील हवा कितीतरी वेळा बदलतो. मात्र आत आलेल्या हवेला बाहेर पडण्याचा मार्ग लागतो. पुष्कळ घरांत कूलर लावून उर्वरित दारे-खिडक्या बंद केल्या जातात आणि मग खोली चिकट, कोंदट झाल्याची तक्रार होते. दोष यंत्राचा नसून वापराचा असतो. कूलरच्या समोरील बाजूची खिडकी अथवा दार थोडे उघडे ठेवल्यास दमट हवा बाहेर जाते व थंडावा टिकून राहतो.

वातानुकूलन आणि बंद खोली

अलीकडे अनेक घरांत वातानुकूलन यंत्रे आली आहेत. घरगुती कूलरला साधारण १५० ते २५० वॅट वीज लागते, तर दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला सुमारे दीड किलोवॅट. नागपूरलगतच्या कोराडी व खापरखेडा येथील केंद्रांत कोळसा जाळून वीज निर्माण होते. तेव्हा घरात वाचलेले प्रत्येक युनिट शहराबाहेरच्या हवेचाही भार हलका करते. तारांकित घरगुती यंत्रांचे तापमान आरंभी २४ अंशांवर असावे, असा नियम केंद्र शासनाने १ जानेवारी २०२० पासून लागू केला. तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो.

परंतु सर्वसाधारण घरगुती वातानुकूलन यंत्र खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा थंड करते. बाहेरची हवा आत आणीत नाही. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. झोपलेली प्रौढ व्यक्ती तासाला १२ ते १५ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकते. हवा येण्याजाण्याचा मार्गच नसेल, तर दोन व्यक्तींमुळे या वायूचे प्रमाण दर तासाला दहा लाख भागांत सुमारे ९०० भागांनी वाढते. बाहेरील हवेत ते सुमारे ४२० भाग असते. सकाळी डोके जड होण्याचे एक कारण यात असू शकते. हे प्रमाण वाढणे म्हणजे खोलीतील हवा बदललेली नाही याची खूण होय. आणि जेथे हवा बदलत नाही, तेथे धूर, बाष्प व रोगजंतूही साचून राहतात.

आरोग्याचा प्रश्न

क्षयासारखे रोग हवेतून पसरतात. पेरू देशातील लिमा येथील रुग्णालयांत झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंच छत व मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या इमारतींत हवेतून होणाऱ्या संसर्गाचा धोका सर्वांत कमी असल्याचे आढळले. कोरोना साथीच्या अनुभवानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दर व्यक्तीमागे सेकंदाला दहा लिटर ताजी हवा मिळावी, अशी शिफारस केली.

घरातील धुराकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. डासांसाठी जाळलेल्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, असे २००३ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. बंद खोलीत कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरणे हिताचे. हिवाळ्यात दारे लावून कोळशाची शेगडी पेटविणे आणि झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर वापरणे तर जिवावर बेतू शकते. त्यांतून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही आणि वासही नाही. धोक्याची जाणीव होण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध होतो.

बांधतानाच विचार हवा

केंद्र शासनाच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त घराच्या चटई क्षेत्राच्या तुलनेत उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाण ठरवून दिले आहे. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात येते, त्यासाठी ते साडेबारा टक्के, म्हणजेच एक अष्टमांश आहे. ही संहिता प्रामुख्याने मोठ्या गृहप्रकल्पांसाठी असली, तरी लहान घर बांधणाऱ्यासही हे प्रमाण मार्गदर्शक ठरेल. शंभर चौरस फुटांच्या खोलीस सुमारे साडेबारा चौरस फूट उघडणारी खिडकी हवी. शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या, पश्चिमेकडील खिडकीवर छज्जा किंवा वेल आणि गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग, एवढ्या साध्या उपायांनीही यंत्रांची गरज कमी होते.

घरोघरी करता येण्याजोगे

राहत्या घरातही पुष्कळ काही साधता येते. उन्हाळ्यात पहाटे व रात्री खिडक्या उघडाव्यात आणि दुपारी कूलरसमोरची फट तेवढी ठेवावी. वातानुकूलित खोली सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे मोकळी करावी. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा बसवावा. आठवड्यातून एक दिवस वीजपुरवठा बंद करून कूलरची टाकी रिकामी करावी, घासून कोरडी करावी; कारण डेंग्यू पसरविणाऱ्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ अशा साठलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होते. ताट्या कुबट झाल्या असल्यास बदलाव्यात.

यांपैकी बहुतेक उपायांना फारसा खर्च येत नाही. नागपूरचा उन्हाळा टाळता येणार नाही. परंतु उन्हापासून बचाव करताना आपण मोकळ्या वाऱ्यालाही दाराबाहेर ठेवीत नाही ना, याची काळजी प्रत्येक कुटुंबाला घेता येईल. घरातील लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे दिवसाचा बहुतांश वेळ याच हवेत श्वास घेत असतात.