गळाच्या काठीची मूठ

रायपूरचा बूढापारा बूढा तालाबाच्या काठी वसलेला आहे. तळ्यांच्या या प्रदेशात गळाला ‘गरी’ म्हणतात; कोकणातही हाच शब्द आढळतो. साध्या काठीला निराळी मूठ नसते, बांबूचे जाड टोकच हाती धरतात. काठी मुद्दाम घडवून घेणाऱ्यास मात्र मुठीचा विचार करावा लागतो.

बूच ही ओकच्या एका जातीची साल होय. ती साधारणतः ९ वर्षांनी एकदा काढतात, म्हणून उत्तम बूच महाग. परंतु ते हलके असते, ओल्या हातातून सहसा निसटत नाही आणि आमिषाला बसलेला बारीकसा हिसकाही हाताला कळवते. फोमची मूठ स्वस्त. मात्र तिच्या मऊपणात तो हिसका बराचसा विरतो. रोगण दिलेले लाकूड देखणे खरे, पण जड आणि ओले होताच निसरडे. आमिष हळूच कुरतडणाऱ्या लहान माशांसाठी बूचच घ्यावे. काठी तासन्‌तास टेकवून ठेवायची असल्यास फोमने भागते.