हुंडणावळीला जखडलेले अंदाजपत्रक

१९२९ च्या अखेरीस सुरू झालेल्या जागतिक मंदीत हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्याचे उत्पन्न बाजारभावाबरोबर कोसळत गेले, पण खर्चाचा मोठा भाग लंडनमध्ये पौंडांत ठरलेला असल्याने तो तसूभरही हलेना. वित्तसदस्य सर जॉर्ज शुस्टर यांना या दोहोंची तोंडमिळवणी करायची होती. आयात घटल्यामुळे जकात, म्हणजे केंद्राच्या उत्पन्नाची मुख्य बाब, आटली आणि रेल्वेकडून मिळणारा वाटाही बंद पडला.

या कारभारातला सर्वांत ताठर भाग होता हुंडणावळीचा, म्हणजे रुपया आणि पौंड यांच्या विनिमयाचा दर. सरकारी कर्जावरील व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने व लष्करी देणी मिळून होणारा ‘होम चार्जेस’ हा खर्च दरसाल विलायतेत भरावा लागे. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरल्यामुळे एका पौंडासाठी १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलनविषयक हिल्टन यंग आयोगाच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला होता. त्या दराने १५ रुपये लागले असते. दर उतरवल्यास शेतमालाला रुपयांत बरा भाव मिळाला असता, पण सरकारची देणी वाढली असती. म्हणून दर राखण्यात आला आणि मंदीचा घाव शेतकऱ्याने सोसला. मुंबई इलाख्यात रयतवारीचा सारा रोखीत आणि बहुधा तीस वर्षांसाठी ठरलेला असल्याने, भाव निम्म्यावर आले की तेवढाच सारा भरायला दुप्पट धान्य विकावे लागे.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे पौंडाची सोन्याशी ठरलेली सांगड, सोडल्यावरही रुपया त्याच दराने पौंडाला बांधलेला राहील, असे भारतमंत्री सर सॅम्युएल होअर यांनी लंडनहून जाहीर केले. पौंडाबरोबर रुपयाही सोन्याच्या तुलनेत उतरल्याने रुपयांत सोन्याचा भाव चढला. नडलेल्या कुटुंबांनी मोडलेले दागिने मुंबई बंदरातून परदेशी गेले आणि त्या निर्यातीमुळे सरकारला विलायती देण्यांसाठी पौंड सहज मिळू लागले. निर्यातीवर बंदी किंवा कर घालण्याची मागणी सरकारने मानली नाही.

त्याच महिन्यात शुस्टर यांनी पुरवणी अंदाजपत्रक मांडून बहुतेक करांवर २५ टक्के अधिभार, म्हणजे मूळ कराच्या प्रमाणात जादा आकार, सुचवला आणि सरकारी पगारांत १० टक्के कपात केली. मणामागे १ रुपया ४ आणे असलेला मीठकर १ रुपया ९ आणे झाला, तर दोन पैशांचे पोस्टकार्ड तीन पैशांना मिळू लागले. मध्यवर्ती विधिमंडळाने नाकारलेले हे विधेयक व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांनी आपल्या खास अधिकारात कायद्यात आणले, यावरून अंदाजपत्रकावर अखेरचा शब्द कोणाचा होता हे उघड होते.

जमाखर्चाचा मेळ घालण्यात अर्थखात्याने दाखवलेले कौशल्य नाकारता येत नाही. सरकारची पत टिकली आणि देणी वेळेवर भागली. पण मंदीत सरकारने खर्च वाढवून रोजगार आणि मागणी सावरावी, हा मार्ग या चौकटीत बंदच होता, कारण प्रत्येक तूट लंडनच्या सावकारांच्या विश्वासाला धक्का मानली जाई. अधिकाऱ्यांची पगारकपात १९३५ पर्यंत पूर्ण उठली. मीठकर मात्र १९४७ पर्यंत चालू राहिला, आणि मोडलेले सोने बहुतेक घरांत परत आले नाही. समतोल साधलेल्या त्या अंदाजपत्रकाची खरी किंमत सरकारी जमाखर्चात कोठेही नोंदली गेली नाही. ती मोजायची तर रयतेच्या कर्जाकडे पाहावे लागते.