बाइकचा स्टिरिओ बदलला की हॅंडलवरची बटणं का बंद पडतात?

हार्ले-डेव्हिडसनची स्ट्रीट ग्लाइड घ्या. काही वर्षं जुनी, इंजिन ठणठणीत, पण रेडिओ म्हातारा झालेला. ब्लूटूथ नाही, मॅप नाही, स्क्रीन असली तर फिकट. मालक बाजारातून नवा स्टिरिओ आणतो. एक आख्खी दुपार घालवून जुना रेडिओ काढतो आणि नवा बसवतो. चावी फिरवली, स्क्रीन उजळली, गाणं लागलं. आवाजही कडक!

मग तो रस्त्यावर निघतो. आवाज कमी करायला डाव्या अंगठ्याखालचं बटण दाबतो आणि काहीच होत नाही. पुन्हा दाबतो, तरी गाणं तसंच वाजतंय. शेवटी हॅंडल सोडून, पुढे वाकून, स्क्रीनवर बोट ठेवावं लागतं.

जगभरातल्या टूरिंग बाइकवाल्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. स्टिरिओ बसवणं तुलनेनं सोपं, पण कंपनीनं दिलेली हॅंडलवरची बटणं नव्या स्टिरिओशी बोलती करणं हे खरं काम. ते का अडतं आणि कसं सुटतं, हेच समजून घेऊ.

एका बटणासाठी इतका आटापिटा कशाला?

कारण प्रश्न गाण्याचा नाही, हाताचा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणारी बाइक एका सेकंदात साधारण २२ मीटर पुढे जाते. स्क्रीनवर आवाजाची खूण शोधून ती दाबायला दोन सेकंद लागले, तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. त्या ४४ मीटरमध्ये एक हात हॅंडलवर नाही आणि नजर रस्त्यावर नाही. समोर खड्डा आला किंवा कुत्रं आडवं आलं, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

कारमध्ये एक हात सुटला तरी गाडी चार चाकांवर उभी असते. बाइकला ती सवलत नाही. म्हणूनच मोठ्या टूरिंग बाइकवर गाण्याची बटणं हॅंडलच्या मुठीजवळ, अंगठ्याच्या टप्प्यात दिलेली असतात. ती बंद ठेवून नवा स्टिरिओ वापरणं म्हणजे सोय विकत घेऊन सुरक्षितता देऊन टाकणं.

बटण दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

इथे दोन पद्धती आहेत. आपल्या बाइकवर कोणती आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिली पद्धत जुनी आणि साधी, ती म्हणजे रेझिस्टरची. रेडिओ एका वायरवर ठरावीक व्होल्टेज ठेवतो, समजा ५ व्होल्ट. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की त्या वायरवरचं व्होल्टेज खाली येतं. ते किती खाली आलं यावरून कोणतं बटण दाबलं हे रेडिओ ओळखतो.

उदाहरणानं बघू. रेडिओच्या आत १,००० ओहमचा रेझिस्टर आहे असं धरा. ‘आवाज वाढव’ बटणामागे २२० ओहम असेल, तर वायरवर साधारण ०.९ व्होल्ट येतील. ‘आवाज कमी कर’ला ४७० ओहम असेल, तर १.६ व्होल्ट. ‘पुढचं गाणं’ला १,००० ओहम असेल, तर अडीच व्होल्ट. कोणतंच बटण दाबलं नाही तर पूर्ण ५ व्होल्ट. म्हणजे एकाच वायरवर चार-पाच बटणं आरामात चालतात.

अडचण अशी की हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनं ठरवते. नव्या स्टिरिओला ०.९ व्होल्टचा अर्थ माहीतच नसतो. बटण हाक मारतंय, पण स्टिरिओला ती भाषा येत नाही.

दुसरी पद्धत डिजिटल. इथे बटण थेट रेडिओपर्यंत जात नाही. हॅंडलजवळच्या छोट्या मॉड्यूलला ते कळतं आणि मॉड्यूल गाडीच्या नेटवर्कवर एक संदेश सोडतं. हे नेटवर्क बहुतेक वेळा ‘कॅन बस’ असतं. बॉश या जर्मन कंपनीनं १९८६ मध्ये ते जगासमोर आणलं. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायर आणि त्यांवरून धावणारे संदेश, एवढंच त्याचं बाह्यरूप. मात्र त्याच दोन वायरवर इंजिन, मीटर, इंडिकेटर अशा अनेक भागांचे संदेशही चालू असतात.

हार्लेच्या टूरिंग गाड्यांमध्ये ही सीमारेषा २०१४ च्या मॉडेल्सपाशी आहे. त्याआधीच्या गाड्यांवर गाण्याची बटणं रेझिस्टरच्या पद्धतीची होती. २०१४ पासून या गाड्या कॅन बसवर आल्या. म्हणून स्टिरिओ शोधण्याआधी आपल्या गाडीचं मॉडेल वर्ष बघायचं. खरेदीचं वर्ष नाही, मॉडेल वर्ष.

मग मधला दुभाषी कोण?

एकाला मराठी येते, दुसऱ्याला तमिळ. दोघांमध्ये दुभाषी बसवला की काम होतं. इथल्या दुभाष्याला इंटरफेस अडॅप्टर म्हणतात. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. त्याच्या एका बाजूला बाइकची वायर, दुसऱ्या बाजूला नवा स्टिरिओ.

रेझिस्टरवाल्या गाडीत हा अडॅप्टर शिकाऊ असतो. त्याला एकदा प्रत्येक बटण दाबून दाखवायचं. तो व्होल्टेज मोजून लक्षात ठेवतो आणि नंतर तेच बटण दाबलं की स्टिरिओला समजेल असा सिग्नल देतो. कॅन बसवाल्या गाडीत अडॅप्टर नेटवर्कवरचे संदेश ऐकतो आणि त्यातला गाण्याशी संबंधित संदेश उचलून स्टिरिओच्या भाषेत सांगतो. त्यामुळे कॅन बसचा अडॅप्टर त्या-त्या गाडीसाठीच बनवलेला असावा लागतो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. अडॅप्टर कितीही चांगला असला, तरी नव्या स्टिरिओला बाहेरून सूचना घ्यायची सोय हवी. ती नसेल तर दुभाषी बोलणार कुणाशी? पायोनिअर, सोनी, अल्पाइन यांच्या अनेक मॉडेल्सना मागे हेडफोनसारखं ३.५ मिलिमीटरचं छिद्र असतं. केनवूड आणि जेव्हीसीच्या अनेक मॉडेल्सवर त्यासाठी स्वतंत्र वायर असते. ॲंड्रॉइड स्टिरिओवर ‘की वन’, ‘की टू’ अशा वायर दिसतात. स्वस्तातल्या बऱ्याच स्टिरिओंना यातलं काहीच नसतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न किती वॅटचा हा नाही, ‘मागे वायर्ड रिमोटचा इनपुट आहे का?’ हा विचारायचा.

स्टिरिओ निवडताना अजून काय बघायचं?

माप. कारच्या साध्या स्टिरिओचा चेहरा साधारण १८० बाय ५० मिलिमीटरचा असतो. बाइकच्या फेअरिंगमध्ये तो बसवायला बहुधा वेगळी फ्रेम लागते. खोलीही मोजावी लागते, कारण मागे वायरचा गठ्ठा असतो आणि हॅंडल वळल्यावर काहीही घासायला नको.

पाणी आणि हादरे. कारचा स्टिरिओ काचेआड बसतो, बाइकचा पावसात भिजतो. म्हणून बरेच जण बोटींसाठी बनवलेले मरीन स्टिरिओ वापरतात. त्यांच्या सर्किटवर ओलाव्यापासून वाचवणारा थर असतो.

स्पीकरचा ओहम. बाजारातले बहुतेक स्टिरिओ ४ ते ८ ओहमच्या स्पीकरसाठी असतात. काही बाइकवर कंपनीचे स्पीकर २ ओहमचे असतात. ते तसेच जोडले तर स्टिरिओमधून दुप्पट करंट ओढला जातो. स्टिरिओ तापतो, आवाज मध्येच बंद पडतो आणि कधीकधी सर्किट कायमचं जातं. मल्टिमीटर लावून आधी तपासा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर सव्वातीन ते साडेतीनच्या आसपास दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

काम कोणत्या क्रमानं करायचं?

१. काढण्याआधी फोटो. प्रत्येक कनेक्टरचा, प्रत्येक वायरच्या वाटेचा. परत बसवताना हेच फोटो कामाला येतात.

२. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचं आणि सगळ्यात शेवटी लावायचं. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, तर थेट शॉर्ट.

३. कंपनीची वायरिंग कापायची नाही. बाइकच्या मूळ कनेक्टरमध्ये बसणारा आणि दुसऱ्या टोकाला नव्या स्टिरिओच्या वायर असणारा तयार हार्नेस मिळतो. त्याला थोडे पैसे जास्त लागतील, पण उद्या गाडी विकताना जुना रेडिओ पुन्हा बसवता येतो. आणि बिघाड आला तर तो शोधणं सोपं जातं.

४. रंग ओळखा. बाजारातल्या स्टिरिओवर पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीनंतरच्या करंटची, काळी अर्थची. पांढरी आणि राखाडी पुढच्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्या. हे रंग नव्या स्टिरिओचे आहेत. बाइकच्या बाजूचे रंग वेगळे असतात, त्यामुळे रंगाला रंग जोडू नका, बाइकचा वायरिंग डायग्राम बघा.

५. आधी टेबलावर जोडणी, मग गाडीत. फेअरिंग बंद करण्याआधी स्टिरिओ चालू करून अडॅप्टरला बटणं शिकवा. एकेक बटण चालतंय का ते बघा. हॅंडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा तपासा. वायर ताणली जात असेल तर ती इथेच कळते.

६. सगळं नीट चाललं की मगच स्क्रू आवळा.

बटणं चालतात, पण चुकीची चालतात!

हा खास रेझिस्टरवाल्या गाड्यांचा किस्सा. आवाज वाढवायला जावं आणि आवाज कमी व्हावा. अडॅप्टर खराब असेल असं वाटतं, पण बऱ्याचदा दोष जुन्या कनेक्टरवरच्या गंजाचा असतो.

वरचंच उदाहरण घ्या. ‘आवाज वाढव’चा रेझिस्टर २२० ओहमचा. कनेक्टरवर गंज चढून २५० ओहमचा अडथळा वाढला, तर बेरीज झाली ४७०. म्हणजे नेमका ‘आवाज कमी कर’चा आकडा. अडॅप्टरनं बरोबरच वाचलं, त्याच्यापर्यंत पोहोचलं मात्र चुकीचं. नवा अडॅप्टर घेण्याआधी कनेक्टर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, अर्थची वायर घट्ट आहे का बघा आणि बटणं पुन्हा शिकवा.

दुसरी नेहमीची तक्रार, ‘चार दिवस गाडी उभी होती, बॅटरी उतरली’. इथे अडॅप्टर किंवा ॲम्प्लिफायर कायम करंटच्या वायरवर जोडला गेलाय का ते तपासायचं. चावी बंद असताना फक्त ५० मिलिअँपिअर जात असले, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. २८ अँपिअर-तासांची बॅटरी बारा दिवसांत अर्धी होते. चार दिवसांतच उतरत असेल, तर गळती त्याहून मोठी आहे किंवा बॅटरीच थकलेली आहे.

सगळं परत मिळतं का?

नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. आवाज, पुढचं-मागचं गाणं, फोन उचलणं ही बटणं साधारणपणे परत चालतात. पण चालक आणि मागे बसणाऱ्यातला इंटरकॉम, वेगानुसार आपोआप वाढणारा आवाज अशा सोयी जुन्या रेडिओच्या आतच असतील, तर त्या रेडिओबरोबर जातात. अडॅप्टरच्या माहितीपत्रकात काय चालेल याची यादी असते. काय चालणार नाही, ते विकणाऱ्याला विचारून घ्यायचं.

नव्या गाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा. २०२४ च्या स्ट्रीट ग्लाइड आणि रोड ग्लाइडमध्ये १२.३ इंचांचा टचस्क्रीन आहे. स्पीडोमीटरही त्यातच दिसतो. तिथे ‘रेडिओ’ नावाचा काढता येणारा डबा उरलेलाच नाही. होंडाची गोल्ड विंग तर २०१८ च्या मॉडेलपासून ॲपल कारप्लेसह येते, ती सोय देणारी ती पहिली मोटरसायकल होती. अशा गाड्यांवर मूळ यंत्रणा तशीच ठेवून फक्त स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बदलणं हा शहाणा मार्ग. बटणांना हातच लागत नाही.

आपल्याकडे हे कितपत लागू होतं?

हार्लेनं सप्टेंबर २०२० मध्ये भारतातलं उत्पादन गुंडाळलं आणि त्याच वर्षी हीरो मोटोकॉर्पबरोबर करार केला. त्यामुळे या बाइक इथल्या रस्त्यांवर आहेत, पण त्यांच्या ऑडिओचं काम रोज करणारा वायरिंगवाला कोपऱ्या-कोपऱ्यावर सापडत नाही. कारचं काम करणारा इलेक्ट्रिशियन हुशार असतो, पण कॅन बसवाल्या बाइकवर ‘ही वायर कापून इथे जोडू’ असं तो म्हणाला, तर तिथेच थांबवा. त्या दोन वायरवर फक्त गाणी नसतात. गाडी वॉरंटीत असेल, तर काम सुरू करण्याआधी डीलरला विचारून घ्या.

आणि बटणं चालत नाहीत म्हणून फोन हातात घेऊन गाणं बदलणं हा पर्याय तर नाहीच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

थोडक्यात, खरेदीचा क्रम उलटा करायचा. आधी बाइकचं मॉडेल वर्ष, मग त्या वर्षाला चालणारा अडॅप्टर, मग त्या अडॅप्टरशी जुळणारा स्टिरिओ. स्क्रीन किती मोठी आणि रंग किती झकास, हे सगळ्यात शेवटी. गाणं बदलायला अंगठा पुरला पाहिजे, हात हॅंडलवरून सुटता कामा नये.