डॅशबोर्डच्या पोटातला छोटा रेडिएटर

अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात आणि अनेक मालक तो घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच खोलतात. अशा कामांपैकी एक म्हणजे हीटर कोअर बदलणं. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागे दडलेला छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम कूलंट त्यातून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो. तो गळू लागला की केबिनमध्ये गोडसर वास येतो, काच आतून चिकट आणि धुरकट होते, ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला होतो. (कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी, सांडलं तर कुत्र्या-मांजरांना आधी दूर ठेवावं.)

सुटा भाग फारसा महाग नसतो. वेळ खातो तो डॅशबोर्ड. तो उतरवण्याआधी बॅटरी सोडून थोडं थांबायचं, कारण आत एअरबॅग असते. बऱ्याच ट्रकमध्ये हीटर कोअर आणि एसीचा इव्हॅपोरेटर एकाच पेटीत बसतात. पेटी काढायची तर एसीचा गॅसही काढावा लागतो, आणि तो हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून गाड्यांच्या एसीत आलेला आर-१३४ए हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. त्यामुळे एवढं एक काम गॅस काढून घेणारं मशीन असलेल्या गॅरेजकडूनच करून घ्यावं.

एसीचे पाइप उघडलेच, तर ओल शोषणारा ड्रायर आणि ओ-रिंगही नव्या घालाव्यात. नंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवायचा, नाहीतर ओल आत राहते. एवढा उपद्व्याप नको असेल, तर हीटरचे दोन्ही होज एकमेकांना जोडून गाडी चालते. थंडीत फक्त कुडकुडायचं.