ई-मेलला तिकीट लावलं तर?

स्पॅमचा धंदा चालतो कसा, याचा रोकडा हिशेब 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी मांडला. ‘स्टॉर्म’ नावाच्या व्हायरसने तेव्हा जगभरातले संगणक मालकांच्या नकळत जाहिराती पाठवायला जुंपले होते. संशोधक त्या जाळ्यात शिरले आणि मेलमधली लिंक त्यांनी स्वतःच्या लुटुपुटीच्या औषध दुकानाकडे वळवली. 26 दिवसांत साधारण 35 कोटी मेल गेले. खरेदीच्या बटणापर्यंत पोचले अवघे 28 जण, आणि एकाचा अपवाद सोडला तर सगळ्यांना पौरुष वाढवायचं होतं! विक्री खरी असती, तर गल्ला जमला असता जेमतेम 2,700 डॉलर. तेव्हाचे लाख-सव्वा लाख रुपये.

आता दर मेलला फक्त एक पैसा लावून बघा. पाठवणावळच 35 लाख रुपये. दुकानाला त्याच दिवशी कुलूप.

म्हणून ही कल्पना पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. ब्रिटनमध्ये 1840 पूर्वी पत्राचे पैसे बहुतेक वेळा ते घेणाराच भरायचा. रोलंड हिलच्या टपाल सुधारणेनंतर ‘पेनी ब्लॅक’ तिकीट आलं आणि भार पाठवणाऱ्यावर गेला. ई-मेलने हे चाक उलटं फिरवलं: पाठवणारा मोकळा, भार घेणाऱ्यावर. मायक्रोसॉफ्टने तर स्पॅमविरोधी प्रकल्पाला ‘पेनी ब्लॅक’ हेच नाव दिलं होतं. पैशांऐवजी पाठवणाऱ्याच्या संगणकाकडून मेहनत घ्यावी, असं संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी 1992 मध्येच सुचवलं होतं. अ‍ॅडम बॅकच्या 1997 च्या ‘हॅशकॅश’मध्ये मेल पाठवण्याआधी संगणकाला एक कोडं सोडवावं लागे. त्याला सरासरी दहा लाखांवर प्रयत्न लागत, उत्तर तपासायला मात्र एकच. एखाद-दुसरा मेल पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही, कोट्यवधी पाठवणारा घाईला येईल. (हीच युक्ती पुढे बिटकॉइनमध्ये कामाला आली.) स्पॅम दोन वर्षांत संपेल, असं बिल गेट्स 2004 मध्ये दावोसला सांगून मोकळे झाले होते.

घोडं अडतं ते वसुलीपाशी. ‘स्टॉर्म’चे मेल ज्या संगणकांवरून गेले, ते चोराचे नव्हतेच. कोडं सोडवण्याचा घाम त्यांनीच गाळला असता आणि तिकिटाचं बिल त्यांच्या निरपराध मालकांच्या नावावर फाटलं असतं. शिवाय मोठ्या याद्यांना फुकट पत्रकं पाठवणाऱ्या संस्थांचं काय? अमेरिकेत 2006 मध्ये ई-मेल सेवा देणाऱ्या एओएलने पैसे भरणाऱ्यांचे मेल थेट इनबॉक्समध्ये पोचवायची ‘गुडमेल’ योजना आणली, तेव्हा अशा संस्थांनीच रान उठवलं. गुडमेल 2011 मध्ये बंद पडली.

पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा असतो, तिथे मात्र तिकीट लावता येतं. साध्या सिमवर एसएमएसचा पॅक टाकून प्लॉट नि कर्जाच्या जाहिराती धाडणाऱ्यांमुळे आपल्याकडे दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2012 मध्ये दिवसाला 100 च्या वरच्या प्रत्येक एसएमएसला किमान 50 पैसे लावायला सांगितलं. पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची नवी व्यवस्था आल्यावर 2020 मध्ये ही अट काढली गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर आजही कंपन्या जाहिरातीचा मेसेज पाठवायला पैसे मोजतात. त्यामुळे 35 कोटींत 28 गिऱ्हाइकं शोधणारा औषधवाला तिथे टिकत नाही. बिल्डर, कर्ज देणाऱ्या कंपन्या आणि दिवाळीचे सेल लावणारे मात्र टिकतात, कारण त्यांना एक गिऱ्हाईक लागलं तरी हजारो मेसेजचा खर्च निघतो.