धरणांच्या उशाशी संपादित जिवाणू

भोर-वेल्ह्याचे पाणी तालुक्यात थांबत नाही. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना जाते. भाटघर आणि नीरा-देवघरचे वीर धरणामार्गे कालव्यांनी बारामती-फलटणच्या शेतांत. म्हणून सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंत जनुक संपादन करायचे असेल, तर त्याची कसोटी अशा पाणलोटातच लावली पाहिजे. हे जिवाणू मुळात उपकारक. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची पद्धत मांडली, तेव्हापासून हवा खेळवलेल्या टाक्यांत ते मैला फस्त करत आहेत. पण त्याच दाटीत ते प्लाझ्मिड ही डीएनएची छोटी कडी एकमेकांना देतात आणि तिच्यावर प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके असू शकतात. एनडीएम-१ हे असे जनुक दिल्लीच्या साचलेल्या पाण्यात, काही नळांच्या पाण्यातही आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने असे जनुक नेमके कापता येते. मात्र कापणारी यंत्रणा गाळातल्या असंख्य जिवाणूंपर्यंत न्यायची, तर तीही अनेकदा प्लाझ्मिडवरूनच पसरवावी लागते. पसरणे हाच धोका आणि तोच उपाय, हा खरा पेच आहे. संपादित जिवाणू टाकीबाहेर मरावा म्हणून त्याला निसर्गात न मिळणाऱ्या अमिनो आम्लावर अवलंबून ठेवण्याचे तंत्र २०१५ मध्ये ई. कोलाय या जिवाणूवर सिद्ध झाले. अमेरिकेतील मार्गदर्शक मर्यादा दहा कोटींत एकापेक्षा कमी निसटण्याची. ऐकायला ती कडक वाटते. पण एक मिलिलिटर गाळात साधारण एक अब्ज जिवाणू धरले आणि त्यांतला हजारात एकच संपादित असला, तरी या दराने घनमीटरमागे दहा हजार निसटतात. शिवाय पेशी मेली तरी तिचा डीएनए उरतो आणि काही जिवाणू तो उचलतात. मारणारे कुलूप पुरेसे नाही. डीएनए नष्ट करणारे दुसरेही हवे.

जिवाणू निसर्गतःच जनुके वाटून घेतात, मग एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण एनडीएम-१ त्याच वाटणीतून पसरले. तिच्यात आपण मुद्दाम भर घालणार असू, तर पुराव्याची जबाबदारीही आपलीच. परके जनुक घातलेलेच नाही, हा दुसरा आक्षेप. मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा संपादित वनस्पतींना जनुकीय बदल केलेल्या सजीवांबाबतच्या १९८९च्या नियमांतील काही तरतुदींतून सूट दिली, ती जिवाणूंसाठी नाही. वनस्पती शेतात दिसते, उपटता येते. नीरेत उतरलेला जिवाणू परत गोळा करता येत नाही, म्हणून ती सूट मागण्याआधी बंद टाकीत, खऱ्या मैल्यावर, निसटण्याचा आणि जनुक हस्तांतराचा दर मोजून जाहीर झाला पाहिजे.