स्पंज धुवायचा, पण नळाखाली नाही!

मासा अमोनिया कुठून बाहेर टाकतो, ठाऊक आहे? बहुतेक सगळा कल्ल्यांतून! ज्या कल्ल्यांनी श्वास घ्यायचा, त्यांतूनच. म्हणजे गोल्डफिश नुसता इकडून तिकडे फिरत असला, तरी पाण्यात विष मिसळतच असतं. जळगावच्या मेहरूण तलावात ते विरून जाईल. पण आपल्या घरातल्या काचेच्या टाकीत ते जाणार कुठे?

ते जातं फिल्टरमध्ये. तिथे स्पंजच्या भोकाभोकांत आणि सिरॅमिक रिंगांच्या बारीक छिद्रांत कोट्यवधी बॅक्टेरिया चिकटलेले असतात. त्यांची एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते. तेही माशांना घातकच! मग दुसरी टोळी त्याचं नायट्रेट करते. ते बरंच निरुपद्रवी, आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की कमी होतं.

सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास असे बॅक्टेरिया वेगळे करून दाखवले, तेही मातीतून. रावेर-यावलच्या केळीबागेत युरिया टाकतात ना, त्याचाही मातीत आधी अमोनियाच होतो. मग याच जातकुळीतले बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात आणि केळीची मुळं ते शोषून घेतात. घरातली टाकी आणि रावेरची बाग, दोन्हीकडे एकाच खानदानाचे कामगार. मला तर याची फार गंमत वाटते!

आता फिल्टर उघडा. स्पंज तपकिरी, बुळबुळीत. घरातलं कुणीतरी म्हणणारच, "शी! नळाखाली धर तो." थांबा! धुळं असो की जळगाव, नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. रोगाचे जंतू कुठले आणि आपले कामगार कुठले, हे त्या क्लोरीनला कसं कळणार? म्हणून टाकीतलंच पाणी बादलीत काढा आणि त्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच पिळा. थोडा तपकिरी राहिला तर राहू द्या. रिंगाही त्याच पाण्यात खळबळून घ्या.

मग बदलायचं काय? ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातला रंग आणि वास ओढून घेणारा काळा कोळसा. त्याची छिद्रं भरली की तो थकतो, म्हणून साधारण महिन्याने नवा घालतात. रिंगा वर्षानुवर्षं चालतात. स्पंज मात्र भुसभुशीत झाला की जातो. तेव्हा नवा स्पंज महिनाभर जुन्याच्या शेजारी ठेवा, म्हणजे बॅक्टेरियांना त्यावर वाढायला वेळ मिळतो. आपल्या पोटातला ई. कोलाय बॅक्टेरिया चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. फिल्टरमधल्या मंडळींना मात्र त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसही लागतो. स्पंज आणि रिंगा सगळं एकाच दिवशी बदललंत तर अमोनिया साठतो आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात.

खानदेशातल्या मे महिन्यात तर जास्तच जपायला हवं. बाहेर पारा 45 अंशांकडे जातो आणि टाकीही तापते. 25 अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. शिवाय पाणी जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. त्यात लाईट गेली, तर बंद फिल्टरच्या डब्यात बॅक्टेरिया गुदमरतात. बराच वेळ लाईट येणार नसेल, तर मोठ्यांच्या मदतीने फिल्टरचा प्लग काढा आणि स्पंज टाकीतल्या मोकळ्या पाण्यात सोडा. आणि लाईट येईपर्यंत माशांना खाऊचा एक दाणाही टाकू नका.